दरड कोसळण्याआधीचा डोंगर: सह्याद्रीच्या उतारांवर लक्ष कसं ठेवायचं

महाराष्ट्रात दरडी तारखांनी लक्षात राहतात. २५ आणि २६ जुलै २००५, महाड तालुक्यातली जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते. ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुक्यातलं माळीण. २२ जुलै २०२१, महाड तालुक्यातलं तळिये. १९ जुलै २०२३ ची रात्र, खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. माळीणमध्ये दीडशेच्या आसपास माणसं गेली. गाव गाडलं गेल्याचं बाहेर कळलं ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकामुळे. गाव असायला हवं तिथे त्याला चिखलाचा ढीग दिसला.

तारीख फक्त शेवटची काही मिनिटं सांगते. दरड कोसळते एका रात्रीत, पण तयार होते कित्येक पावसाळ्यांत. त्या मधल्या वर्षांत डोंगर स्वस्थ बसलेला नसतो. माती इंचाइंचाने खाली सरकत असते, आतलं पाणी नवी वाट काढत असतं, ओढा उताराचा पायथा खात असतो, कुणीतरी रस्त्यासाठी उतार कापत असतो. आज, आपल्या डोळ्यांसमोर चाललेल्या या हालचाली नियमितपणे मोजायच्या आणि त्या उतारावरचं रान, शेती, पाणी, वस्ती यांच्याशी जोडून वाचायच्या, अशी एक अभ्यासपद्धत आहे. आपल्याकडे तिची चर्चा दुर्घटनेनंतर आठ दिवस होते आणि मग पुढच्या जुलैपर्यंत होत नाही. म्हणून ती नीट समजून घेऊ.

आधी उतार कसा तयार होतो ते पाहू. सह्याद्री हा बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा डोंगर. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. पाऊस, ऊन आणि हवेने हा खडक वरून कुजत जातो: आधी मुरूम होतो, मग चिकणमातीचं प्रमाण जास्त असलेली तांबडी माती. उभ्या कड्यावर ही माती टिकतच नाही, ती गळून कड्याच्या पायथ्याशी साचते. त्यामुळे सगळ्यात धोक्याचा उतार बहुतेक वेळा सगळ्यात उभा नसतो. कड्याखालचा मधला उतार, जिथे मातीचा जाड थर बसला आहे आणि खाली अजून टणक खडक आहे, तो जास्त धोक्याचा. त्यातही दोन सोंडांच्या मधला खोलगट भाग. वरची माती तिथेच येते आणि वरचं पाणीही तिथेच येतं.

पाण्याचं काम काय, हे अनेकदा चुकीचं सांगितलं जातं. पावसाने माती जड होते आणि म्हणून घसरते, एवढंच कारण नाही. मातीचे कण एकमेकांवर दाबून बसलेले असतात आणि त्या दाबातून होणाऱ्या घर्षणावर उतार उभा असतो. सतत पाऊस पडला की कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात, खालच्या टणक खडकात पाणी लवकर शिरत नाही, आणि अडकलेलं पाणी कणांना एकमेकांपासून दूर ढकलू लागतं. घर्षण कमी होतं. वरचं वजन तेवढंच किंवा थोडं जास्त, पण धरून ठेवणारी ताकद घटलेली. ती वजनाच्या ओढीपेक्षा कमी झाली की सगळा थर एकदम सुटतो. म्हणूनच एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याआधीच्या दहा-पंधरा दिवसांत किती पाऊस मुरला आहे, हे पाहावं लागतं. जूनच्या पहिल्या आठवड्यातले दोनशे मिलीमीटर कोरडी माती बरेचसे पिऊन टाकते. जुलैच्या शेवटी तेच दोनशे मिलीमीटर तुडुंब भरलेल्या मातीवर पडतात. वरच्या सगळ्या तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत, हा योगायोग नाही.

इथपर्यंत झालं भूरूपशास्त्र, म्हणजे जमिनीचे आकार कसे घडतात त्याचा अभ्यास. पण दोन शेजारच्या उतारांचा खडक सारखा, चढ सारखा, पाऊस सारखा, तरी एक सुटतो आणि दुसरा टिकतो. याचं उत्तर शोधायला लँडस्केप इकॉलॉजी, मराठीत भूदृश्य परिस्थितिकी, लागते. जर्मन भूगोलतज्ज्ञ कार्ल ट्रोल यांनी १९३९ साली विमानातून काढलेली छायाचित्रं अभ्यासताना ही शाखा मांडली. वरून पाहिलं तर जमीन ही ठिगळं जोडून शिवलेल्या गोधडीसारखी दिसते आणि कुठलं ठिगळ कुठे आहे, यामागे माती, पाणी, वनस्पती आणि माणूस यांचं नातं असतं. एकेक झाड किंवा एकेक शेत सुटं पाहून ते नातं कळत नाही.

आंबेगाव किंवा जुन्नरच्या पश्चिमेकडचा एखादा उतार वरून खाली वाचत आलो तर ही गोष्ट लगेच समजते. माथ्यावर कातळ किंवा पठार. त्याखाली कडा. कड्याच्या पायथ्याला दाट रान, कुठे देवराई राखलेली. मग वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन, नाचणी-वरईची, काही वर्षं पिकवून सोडून दिलेली. त्याखाली भाताची खाचरं, महादेव कोळ्यांनी पडकईच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून उतारावर खाचरं काढण्याच्या, सामूहिक कष्टातून पिढ्यान्‌पिढ्या रचलेली. मग वाडी, आणि तळाला ओढा. या प्रत्येक पट्ट्यात पावसाच्या थेंबाचं वेगळं होतं. देवराईत तो पाल्यावर पडतो आणि सावकाश मुरतो, शिवाय खोलवर गेलेली मुळं माती बांधून ठेवतात. पडीक वरकसावर तो वरची माती घेऊन धावतो. खाचरात अडतो, तिथे गाळ बसवतो आणि पुढे जातो.

लँडस्केप इकॉलॉजीचा मला सगळ्यात मोलाचा वाटणारा प्रश्न यानंतर येतो: एक पट्टा दुसऱ्याशी जोडलेला आहे की तुटलेला? वरून सुटलेली माती ओढ्यापर्यंत पोचते, की मधल्या बांधात, झाडोऱ्यात, सपाटीवर थांबते? चांगल्या बांधांची खाचरं म्हणजे या वाटेतले थांबे. तरुण मंडळी पुण्या-मुंबईला गेली, खाचर पडीक पडलं, बांध फुटला, तो कुणी पुन्हा घातला नाही, की एक थांबा गेला. असे चार थांबे लागोपाठ गेले की पाण्याला सरळ वाट मिळते आणि तिची घळ होते. उलटही घडतं. हाताने, उताराचा कल राखून, थोडी थोडी काढलेली पडकई आणि जेसीबीने एका उन्हाळ्यात काढलेली रुंद सपाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीत उताराला उभे काप जातात, आणि सैल भरावात पाणी साचून खोल मुरतं. माळीणनंतर जी कारणं चर्चेत आली त्यात अतिवृष्टीसोबत उतारावरच्या सपाटीकरणाचा मुद्दा होता. एकाच कारणावर बोट ठेवणं मला पटत नाही. पण उतारावर यंत्र चालवण्याआधी पाणी कुठून येतं आणि कुठे जाणार, हे कुणी तपासत नाही, ही तक्रार रास्त आहे.

रस्त्याचं तर आणखी वेगळं. घाटरस्ता उतार आडवा कापतो. मातीतून हळूहळू झिरपत खाली जाणारं पाणी त्या कापलेल्या भिंतीतून बाहेर येतं, गटारातून वाहतं आणि रस्त्याखालच्या एका मोरीतून खालच्या उतारावर एकाच ठिकाणी सोडलं जातं. जे पाणी पाचशे फूट रुंदीत विखुरलेलं होतं ते दोन फुटांत एकवटलं. दरड कोसळते तेव्हा सगळ्यांचं लक्ष रस्त्यावर पडलेल्या ढिगाकडे असतं. मोरीखाली दरवर्षी थोडी थोडी खोल होत जाणारी घळ कुणी मोजत नाही.

ही जोडणी किती दूरपर्यंत जाऊ शकते, ते केरळमधल्या वायनाडने दाखवलं. माळीणनंतर बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ ला, मुंडक्कई आणि चूरलमला या गावांवर दरड आली. ती सुटली समुद्रसपाटीपासून सुमारे १,५५० मीटर उंचीवर, आणि चिखल-दगडांचा लोंढा नदीच्या पात्राने सुमारे आठ किलोमीटर खाली गेला. अडीचशेहून अधिक माणसं गेली. त्यातल्या कितीतरी जणांची घरं उतारावर नव्हतीच, नदीकाठी होती. त्यांच्या घरामागचा उतार तपासून काही निष्पन्न झालं नसतं. माथ्यावरचा तो खोलगट भाग आणि नदी, दोन्ही एकत्र पाहायला हवे होते. त्याच भागात जुन्या दरडीची नोंदही होती.

मग मोजायचं काय? चार गोष्टी: उतारावर येणारं पाणी, उताराच्या पोटातलं पाणी, उताराची हालचाल आणि उतारावरून निघून जाणारी माती.

पहिलं सगळ्यात सोपं वाटतं आणि तिथेच आपण सगळ्यात कमी पडतो. घाटात पाऊस हाकेच्या अंतरावर बदलतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. रस्त्याने जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटरवरच्या वाईत तो हजाराच्याही खाली असतो. तळियेची दरड पडली त्या वेळी महाबळेश्वरात चोवीस तासांत सुमारे ५९० मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. महसूल मंडळागणिक एक स्वयंचलित हवामान केंद्र ही सोय शेतीच्या विम्यासाठी ठीक आहे, पण एका मंडळात अनेक गावं येतात आणि केंद्र बहुधा रस्त्यालगत, खालच्या सपाटीवर असतं. कड्यापाशी किती पडला ते त्यातून कळत नाही.

वायनाडमध्येच याचं उत्तर उभं होतं. तिथल्या ह्यूम सेंटर फॉर इकॉलॉजी अँड वाइल्डलाइफ बायोलॉजी या संस्थेने शेतकरी आणि गावकऱ्यांच्या मदतीने जिल्हाभर दोनशेहून अधिक पर्जन्यमापकांचं जाळं उभारलं आहे. त्या दरडीआधीच्या ४८ तासांत सुमारे ५७० मिलीमीटर पाऊस झाल्याची नोंद या जाळ्यामुळे हाती होती, आणि २९ जुलैला संस्थेने जिल्हा प्रशासनाला धोक्याची सूचना दिल्याचं तेव्हा प्रसिद्ध झालं. म्हणजे मोजणारे होते, आकडा होता, सूचनाही गेली होती. आकड्यापासून माणसं हलवण्यापर्यंतची साखळी तुटली. मोजणी आणि निर्णय या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी उपकरण मिळत नाही.

पोटातलं पाणी मोजायला पिझोमीटर वापरतात. मातीत भोक पाडून आत बसवलेलं हे साधन त्या खोलीवरचा पाण्याचा दाब सांगतं. वर समजावलेली घर्षण कमी होण्याची क्रिया थेट दाखवणारं हेच एक साधन. केरळमधल्या मुन्नारला अमृता विद्यापीठाने २००९ च्या सुमारास पाण्याचा दाब, ओल, कंप आणि झुकाव मोजणाऱ्या संवेदकांचं बिनतारी जाळं बसवलं. पश्चिम घाटातल्याच उतारावर, तसल्याच पावसात हे तंत्र चालतं, हे त्याने दाखवून दिलं. ज्या गावांत पैसा नाही तिथे झरे हेच पिझोमीटर. उतारावर पाणी कुठे उपळतं, कधी सुरू होतं, कधी आटतं, स्वच्छ येतं की गढूळ, याची वर्षानुवर्षांची वही असेल तर नव्या जागी अचानक फुटलेला झरा किंवा चालता झरा एकाएकी बंद होणं, याचा अर्थ लगेच लावता येतो. वही नसेल तर ‘यंदा पाणी जरा जास्तच येतंय’ एवढ्यावर विषय संपतो.

हालचाल मोजण्याची सोय अगदी खुंट्यांपासून थेट उपग्रहांपर्यंत पोचली आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकायच्या आणि त्यांच्यातलं अंतर ठरावीक दिवशी टेपने मोजायचं. हे मोजमाप इतकं साधं आहे की अभियंते ते कमी लेखतात आणि गावकऱ्यांना कुणी शिकवत नाही. त्याच्या वर भेगमापक, झुकावमापक, जीपीएसचे स्थिर खांब, ड्रोनवरून वर्षातून दोनदा काढलेले उंचीचे नकाशे. आणि सगळ्यात वर रडार उपग्रह. एकाच जागेवरून दोन वेगळ्या दिवशी पाठवलेल्या लहरींची तुलना केली की जमीन किती सरकली, हे सेंटिमीटरच्या हिशेबात कळतं. युरोपचा सेंटिनेल-१ हे काम २०१४ पासून करतो आहे, पण त्याची लहर सुमारे साडेपाच सेंटिमीटरची, आणि पावसाळ्यात सह्याद्री हिरवागार झाला की ती पानांवरूनच परतते. नासा आणि इस्रोचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून सुटला. त्याच्या दोन रडारांपैकी एकाची लहर चोवीस सेंटिमीटरच्या आसपास आहे. ती झाडोऱ्यातून बरीच खाली उतरते आणि दर बारा दिवसांनी तीच जागा पुन्हा पाहता येते. घाटासाठी ही मोठी गोष्ट आहे. तरी एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. सह्याद्रीतल्या कितीतरी दरडी आधी महिनोन्‌महिने सरकून मग कोसळत नाहीत. मातीचा थर पाण्याने भरतो आणि काही तासांत सुटतो. बारा दिवसांनी येणाऱ्या नजरेला ते पकडता येणार नाही. उपग्रह संथ सरकणारे उतार शोधून देईल, म्हणजे जमिनीवरची उपकरणं कुठे लावायची ते ठरवायला मदत करेल. रात्री दोन वाजता गावाला उठवणं त्याच्याकडून होणार नाही.

चौथी गोष्ट, निघून जाणारी माती, हिचं नाव बातम्यांत येत नाही आणि तिच्यातूनच सगळ्यात आधी काही कळू शकतं. उतारावर लोखंडी सळया ठराविक लांबी वर ठेवून रोवतात, पावसाळ्यानंतर किती उघड्या पडल्या ते पाहतात. नालाबांधामागे दरवर्षी साचलेल्या गाळाची जाडी मोजतात. ओढ्याचं पाणी बाटलीत भरून, निवळू देऊन, तळाच्या गाळाचं वजन करतात. एखाद्या वर्षी पाऊस नेहमीचाच आणि गाळ दुप्पट, तर वर कुठेतरी नवी जखम झाली आहे, एवढं नक्की. मग ती शोधायला चढायचं.

देखरेख शिस्तीने कशी चालते याचा नमुना दूर जाऊन शोधायला नको. कोकण रेल्वेचा रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग कापलेल्या उतारांमधून जातो. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीने गाडी घसरली आणि पन्नासच्या आसपास प्रवासी गेले. आज तिथे पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक असतं, गाड्यांचा वेग कमी केला जातो, गस्त घालणारे कामगार भर पावसात रूळ चालून पाहतात, धोक्याच्या कापांवर उपकरणं आहेत, पर्जन्यमापक आहेत, आणि मोठा पाऊस झाला तर पुढे काय करायचं ते आधीच ठरलेलं आहे. रुळाला जी काळजी मिळते ती रुळाच्या वरच्या वाडीला मिळत नाही, हे मला अस्वस्थ करतं.

त्याचं एक कारण प्रमाणाचं आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून दरडप्रवणतेचे नकाशे १:५०,००० प्रमाणावर केले. त्या नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाचशे मीटर. २०११ च्या पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने घाटाची विभागणी साधारण ९ किलोमीटर बाय ९ किलोमीटरच्या चौकोनांत केली. दोन्ही कामं मोठी आणि गरजेची. पण एखादी वाडी ज्या खोलगट भागाखाली वसली आहे तो शे-दीडशे मीटरचा असतो. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच तेव्हा विधानसभेत सांगितलं. अशा याद्या गावांच्या नावाने होतात. दरड मात्र एका घळीच्या पाणलोटात तयार होते, आणि त्या पाणलोटात गावाचा एखादा कोपराच असू शकतो. म्हणून एकात एक बसणारी मोजणी लागते: जिल्ह्याचा नकाशा कुठली पाणलोटं पाहायची ते सांगेल, पाणलोटाचा नकाशा कुठला उतार, आणि उतारावर मग खुंटी, पर्जन्यमापक, झऱ्याची वही.

दुसरं कारण काळाचं. झाडं तोडली की उतार लगेच सुटत नाही, कारण मुळं मातीत शिल्लक असतात. ती कुजायला काही वर्षं जातात, आणि नव्या झाडांच्या मुळांनी जोर धरायलाही वर्षं जातात. या दोन्हींच्या मधला काळ सर्वांत नाजूक. तोपर्यंत तोड कुणाच्या लक्षातही राहिलेली नसते आणि तीन वर्षांच्या प्रकल्पाचा निधी संपलेला असतो. ज्या उतारावर काहीच घडत नाही त्याची मोजणी दहा-पंधरा वर्षं चालू ठेवणं हेच या शास्त्राचं अवघड काम आहे. त्या वर्षांचे आकडे नसतील तर बिघडलेल्या वर्षाची तुलना कशाशी करणार?

पावसाळ्याआधी एखाद्या ग्रामपंचायतीला फार खर्च न करता काय करता येईल, ते सरळ सांगतो. वाडीच्या वरच्या बाजूला, शक्य तितक्या उंचावर एक साधा पर्जन्यमापक बसवा आणि रोज सकाळी साडेआठला नोंद करा, कारण हवामान खात्याची नोंदही त्याच वेळेची असते आणि तुलना करता येते. शाळेतली मुलं हे उत्तम करतात. मे महिन्यात उतार चालून पाहा: भेगा, बुडाशी वाकून मग सरळ वाढलेली झाडं, कललेले विजेचे खांब, अचानक न लागणारी दारं, मोरीखालच्या घळी. प्रत्येकाचा फोटो, जागा, तारीख. भेगांना खुंट्या. झऱ्यांची यादी. फुटलेले बांध जूनच्या आत घालून घ्या, आणि मोरीचं पाणी उघड्या उतारावर न सोडता दगडी चरातून ओढ्याला न्या.

आणि एक गोष्ट ग्रामसभेत लेखी ठरवा: तीन दिवसांची बेरीज किती झाली, झरा गढूळ झाला किंवा खुंट्यांमधलं अंतर वाढलं, तर कुठली घरं रिकामी करायची, ती माणसं रात्री कुठल्या इमारतीत झोपतील, किल्ली कुणाकडे असेल आणि तालुक्याहून आदेश येण्याची वाट न पाहता हे सांगण्याचा अधिकार गावात कुणाला असेल. बेरजेचा आकडा सुरुवातीला भूवैज्ञानिकांना विचारून, थोडा कमीच धरा. चार पावसाळ्यांची स्वतःची वही झाली की तो तुमच्या उताराप्रमाणे बदलता येईल.